मोटरची वर्षं वेगळी, मशीनची वेगळी

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात की लक्ष्मी रोडला बघितलेल्या वॉशिंग मशीनवर 20 वर्षांची वॉरंटी आहे, आता आपल्याला बघायला नको. फोनवर नीट बोलणं झालं नाही म्हणून सविस्तर लिहितेय. पैसे भरण्याआधी आईलाही वाचून दाखवा, रोज मशीन लावायचंय तिला.

ती 20 वर्षं फक्त मोटरची आहेत. अख्ख्या मशीनची वॉरंटी वेगळी असते आणि बहुतेक कंपन्या ती 2 वर्षंच देतात. फ्रिजचंही तसंच, दारावर कॉम्प्रेसरची 10 वर्षं ठळक छापलेली आणि बाकीच्या फ्रिजला बऱ्याचदा 1 वर्ष. या मशीनमधल्या इन्व्हर्टर मोटरला कार्बन ब्रश, म्हणजे घासत राहणारे कोळशाचे तुकडे नसतात, त्यामुळे घासून झिजण्यासारखं तिच्यात फारसं काही नसतं. ती सहसा जात नाही, म्हणूनच तिची इतकी हमी देणं कंपनीला परवडतं. बिघडतं ते दुसरंच. पाणी बाहेर टाकणारा ड्रेन पंप, दाराचं लॉक, ड्रमचं बेअरिंग, आणि महागातलं म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, पीसीबी. आपल्या पेठेत पावसाळ्यात लाइट जाऊन येते ना, तेव्हाचा झटका नेमका या बोर्डाला बसतो.

मावशीकडे हेच झालं. वॉरंटीची 2 वर्षं उलटून गेली आणि एके दिवशी मशीन मध्येच थांबलं. आत पाणी, भिजलेल्या चादरी, दार लॉक. माणूस आला, बोर्ड गेलाय म्हणाला. मावशीने कार्ड पुढे केलं तर त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं : 10 वर्षं, फक्त मोटर. बोर्डाचे पैसे, व्हिजिटचे पैसे, वर 18 टक्के जीएसटी. बोर्ड येईपर्यंत मनगट दुखत असताना ती बादलीत चादरी पिळत होती. आई, तुझ्यावर ती वेळ येऊ नये एवढंच मला वाटतं. आणि समजा मोटर गेलीच, तरी बहुधा पार्टच तेवढा फुकट मिळतो, येण्याजाण्याचे आणि मजुरीचे पैसे आपल्यालाच द्यावे लागतात.

तेव्हा बाबा, दुकानात एकच विचारा : 'कॉम्प्रिहेन्सिव्ह वॉरंटी, म्हणजे अख्ख्या मशीनची, किती वर्षं?' काही फ्रंट लोड मशीनना ती 4 वर्षं मिळते. किंमत थोडी जास्त असली तरी माझा कल तिकडे आहे. जी कंपनी अख्खं मशीन 4 वर्षं अंगावर घेते, तिला दर दुरुस्तीचा खर्च स्वतः सोसावा लागतो, त्यामुळे आतला माल बरा घालणं तिच्याच फायद्याचं असतं. मोटरच्या 20 वर्षांपेक्षा या 4 वर्षांवर माझा जास्त भरवसा आहे.

पण कार्डावर वर्षं असून भागत नाही, हाक मारल्यावर माणूस यायला हवा. सोसायटीत विचारा, कोणाच्या कंपनीचा माणूस किती दिवसांत येतो. तुमचं तापकीर गल्लीत जाणं-येणं आहेच, तिथल्या ओळखीच्या इलेक्ट्रिकल दुकानदाराला विचारा की कुठल्या मशीनचे पंप आणि बोर्ड सहज मिळतात. हे तो दुकानातल्या सेल्समनपेक्षा खरं सांगेल.

काउंटरवर एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे जादा पैसे भरून वाढवलेली, गळ्यात मारतील. ती कंपनीची स्वतःची असेल आणि बोर्ड त्यात धरला असेल तरच घ्या. दुकानाने तिसऱ्याच कुणाची जोडून दिली असेल तर सरळ नाही म्हणा.

कार्डावरची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचा. उंदराने वायर कुरतडली किंवा व्होल्टेज वरखाली होऊन काही जळलं, तर बऱ्याच कंपन्या हात वर करतात. आपल्या मागच्या बाल्कनीत उंदीर येतात, म्हणून मशीनच्या तळाला जाळी आहे ना ते बघाच.

वॉरंटी बहुधा बिलाच्या तारखेपासून चालू होते. आत्ता घेऊन दिवाळीपर्यंत खोक्यात ठेवायचा विचार असेल तर तो सोडा. बिलावरचा सीरियल नंबर मशीनच्या स्टिकरशी जुळवून घ्या. बिल गुळगुळीत थर्मल कागदावर मिळालं तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा, त्यावरची अक्षरं हळूहळू उडून जातात आणि मग तारीख दाखवायची कशी? पुढे कंपनीने टोलवाटोलवी केलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे, तो फाइलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

टॉप लोड की फ्रंट लोड हे आईने ठरवायचं. फ्रंट लोडला वाकावं लागतं, पण खाली स्टँड घेतला तर गुडघ्यांना त्रास कमी होईल. आई, दुकानात जाऊन एकदा दार उघडून, वाकून बघ आणि मला फोन कर. तोवर ॲडव्हान्स देऊ नका.

तुमची,
धाकटी