भाषण तू लिहिलं होतंस

डोंबिवली, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

वहिनींच्या ऑपरेशनला आलो नाही, फोनही केला नाही. शिव्या भेटल्यावर दे. माझी शुगर आहे तशीच.

धाकट्याने अग्निवीरचा फॉर्म भरलाय. आईला आधी सांगितलं, मला शेवटी. मागच्या आठवड्यात गावी जाताना माणगावला तहसील कचेरीसमोर गाडी थांबवायला लावली आणि व्हिक्टोरिया क्रॉसवाल्या नाईक यशवंत घाडग्यांच्या पुतळ्याखाली उभा राहून म्हणतो, "बाबा, ते भाषण म्हणा ना." मला एक ओळ फुटेना.

तू लिहिलेलं, मी ठोकलेलं. इटली, टायबरचं खोरं, १० जुलै १९४४. "अवघा बावीस वर्षांचा" इथे थांबायचं, असं तू पेन्सिलीने लिहून दिलं होतंस. थांबलो की टाळ्या. आता तिथेच अडकतो रे. आमचा वीस पूर्ण करतोय.

आणि हो, पन्नास शत्रू तूच घातले होतेस, मी नाही! त्यावरून दोन महिने बोलत नव्हतास. परवा नीट वाचलं. सोबतचे सगळे पडलेले, हा एकटा धावला. ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा गेला, एकाला टॉमीगनने टिपलं, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून नळी धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने. चारच होते. चार काय कमी होते, गाढवा?

मग लपलेल्या बंदूकवाल्यांनी त्याला गाठलं. देह सापडलाच नाही, इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव आहे फक्त. हे भाषणात नव्हतं. पळसगावात, त्याच्या गावी, त्याच्या घरच्यांनी कशाला हात लावून रडायचं, हे आपल्या डोक्यातही आलं नव्हतं. २०२३ मध्ये इटलीत माँटोनेला त्याच्या नावाने सूर्यघड्याळ बसवलं. पोरगा मोबाइलवर फोटो दाखवून सांगत होता, मी चहा ढवळत होतो.

ही म्हणते, चारच वर्षं, शंभरातले पंचवीसच पुढे ठेवतात, येईल परत. हिशेबाला ती पक्की. मी बाप आहे की भाषणवाला, तेच कळेना. पहाटे पाचला तो धावायला निघतो तेव्हा कडी मीच काढतो, आणि बूट घट्ट बांध म्हणतो.

भरतीत तू अर्ध्या सेंटिमीटरने छातीच्या मापात गेलास तेव्हा मी हसलो होतो. तो तुला फोन करणार आहे, छाती फुगवायचं कसं विचारायला. खरं ते सांग. माझ्या वतीने जाऊ नको म्हणू नकोस, जा असंही नको.

तुझ्या पोरीचं लग्न ठरलं म्हणे, तारीख कळव. आणि तो भाषणाचा कागद तुझ्या ट्रंकेत असेल तर त्याला देऊ नकोस. मला पाठव.

तुझा,
दिल्या