बाहेरच्या माणसाने आत उतरू नये

संपादक महोदय,

टाकी, मॅनहोल, सायलो (धान्य-सिमेंट साठवायचे उंच कोठार) अशा बंदिस्त जागेतल्या अपघातात मृतांचा आकडा बरेचदा एकावर थांबत नाही. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने १९८६ मध्येच नोंदवले होते की, या मृतांत ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात. बातमीत त्याला शौर्य म्हणतात. आम्हाला त्यात सुटकेची तयारी नसल्याचे दिसते.

कारण म्हणून ‘विषारी वायू’ छापून येतो. पण पुष्कळदा आत तसा वायू नसतोच, फक्त ऑक्सिजन नसतो. बंद लोखंडी टाकी आतून गंजते तेव्हा तो खर्ची पडतो. नायट्रोजन सोडलेल्या टाकीतही तीच गत. ना वास, ना खोकला, दोन-चार श्वासांत माणूस खाली. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होते आणि वायू गेला असे वाटते. शिवाय तो गाळात दबलेला असतो. उतरताना आकडे ठीक असतात, पहिले फावडे पडले की उसळतो. म्हणून डिटेक्टर (वायू मोजणारे यंत्र) उतरणाऱ्याच्या छातीवर सतत चालू हवा.

उतरण्याआधीची मोजणी बाहेरूनच, नळी सोडून करायची. आधी ऑक्सिजन (१९.५ ते २३.५ टक्के), मग ज्वलनशील वायू (स्फोट होण्यास लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या १० टक्क्यांखाली), शेवटी विषारी वायू. हा क्रम उगाच नाही: ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर ऑक्सिजनवर चालतो, ऑक्सिजन कमी असला की त्या वायूचा आकडाही खोटा कमी येतो. मिथेन वर साठतो, हायड्रोजन सल्फाइड तळाशी. म्हणून वर, मध्ये, तळाशी असे तिन्ही ठिकाणी मोजावे आणि हवा नळीतून यंत्रापर्यंत येईस्तोवर थांबावे. मेणबत्ती सोडून पाहणे बंदच करा. मिथेन असेल तर भडका उडेल, आणि जीवघेण्या हायड्रोजन सल्फाइडमध्येही ज्योत खुशाल तेवत राहील.

आत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचे हवा ओढणारे तोंड जनरेटरच्या धुरापासून लांब हवे. फिल्टरचा मास्क ऑक्सिजन देत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते.

आता दोराविषयी. कमरेच्या पट्ट्याला दोर बांधला तर बेशुद्ध माणूस मधोमध दुमडतो आणि मॅनहोलच्या तोंडात अडकतो. पूर्ण अंगाचा हार्नेस (खांदे-मांड्यांभोवतीचे पट्टे), पाठीवरच्या कडीला दोर आणि वर तिपाईला विंच (दोर गुंडाळणारा रहाट) असेल, तर एकटा माणूस बाहेरून त्याला सरळ वर काढतो. टाकीचे तोंड बाजूला असेल तर विंच निरुपयोगी. तिथे हवेचे सिलिंडर लावलेली सुटका तुकडी दाराशी हजर असल्याशिवाय काम सुरूच करू नये.

तोंडाशी लक्ष ठेवून उभ्या असलेल्या बाहेरच्या माणसाला दुसरे काम सांगू नये, पाना आणायलाही नाही. हाकेला ओ आली नाही की विंच फिरवायचा.

आपल्या वार्ताहरांनी यापुढे एवढे जरूर विचारावे: बाहेर कोण उभा होता, विंच होता का, आणि ऑक्सिजनचा शेवटचा आकडा किती नोंदवला होता.

आपले,
औद्योगिक सुरक्षा क्षेत्रातील काही कर्मचारी