चोरलेली पत

ऑनलाइन लिलावातील फसवणुकीवरचा आपला लेख वाचला. ‘ग्राहकाने विक्रेत्याचे रेटिंग पाहूनच बोली लावावी’ हा त्यातील सल्ला मात्र अपुरा वाटतो. भामटे हल्ली नवे खाते उघडत बसत नाहीत. वर्षानुवर्षे चोख व्यवहार केलेल्या विक्रेत्याचे खातेच बळकावतात. बनावट ईमेलने पासवर्ड काढून घ्यायचा, संपर्काचा पत्ता आणि बँक खाते बदलायचे, महागड्या वस्तू अल्प मुदतीच्या लिलावात मांडायच्या आणि मूळ मालकाला पत्ता लागण्याआत पैसे घेऊन पसार व्हायचे. रेटिंग पाहणारा सावध ग्राहकच इथे आधी फसतो!

२०१४ मध्ये माहितीचोरीनंतर ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळाला सुमारे साडेचौदा कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगावे लागले होते. मग सावधगिरीचा भार एकट्या ग्राहकावर का? पासवर्ड आणि बँक खाते पाठोपाठ बदलले, की त्या खात्याची विक्री व रक्कम काही दिवस रोखून धरणे कंपन्यांना सहज शक्य आहे. प्रामाणिक विक्रेत्याची त्यात थोडी गैरसोय होईल, पण त्याचे नावही त्यामुळेच वाचेल.

– एक वाचक