डब्बा घेण्याआधी त्याची डिस्क उपसून बघ

जळगाव, मे महिना, दुपारचे तीन, पंखा गरम हवा फेकतोय

प्रिय दोस्ता,

काय भो, कसं काय. तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला. त्यातली पाच मिनिटं तू नवरदेवाच्या मामाला शिव्या देत होता आणि मुद्दा शेवटच्या दोन वाक्यात, की तुलाही आता नॅस, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना नेटवर्कवरून वापरता येणारा डिस्कचा डब्बा, घ्यायचाय आणि मी जो घेतला त्याचं नाव पाठव म्हणजे तू डोळे मिटून ऑर्डर टाकशील. डोळे मिटू नको म्हणूनच एवढं लांबलचक लिहून राहिलो. फोनवर सांगितलं असतं तर तू अर्ध्यातच ‘हो हो’ करून ठेवून दिला असता, तुला चौथीपासून ओळखतो.

मी यात पडलो कसा ते तुला अर्धवटच माहितीये. आमच्या ऑफिसात आम्ही चार जण, आणि चौघांचा टॅलीचा बॅकअप, रिटर्नं, लोकांची स्कॅन केलेली बिलं, सगळं एका दोन टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर. ती डिस्क या टेबलावरून त्या टेबलावर फिरायची, पंगतीत मिठाची वाटी फिरते तशी. ३१ मार्चला संध्याकाळी पोऱ्या चहा घेऊन आला, त्याचा हात वायरीत अडकला आणि डिस्क खाली. पडली पण किती, टेबलाएवढ्या उंचीवरून, चटईवर. आवाजसुद्धा नीट आला नाही. परत लावली तर आतून टक्, टक्, टक्, आणि स्क्रीनवर काही नाही. रिकव्हरीवाल्याने पैसे भरपूर घेतले आणि डेटा काढूनही दिला, पण कसा, तर फाइलींची नावं गेलेली. हजारो पीडीएफ, सगळ्यांची नावं नुसते आकडे, उघडून बघितल्याशिवाय कळत नाही की हे केळीवाल्याचं बिल आहे का सोनाराचं. एप्रिल सगळा त्यात गेला भो.

मग गोलाणी मार्केटातल्या ओळखीच्या दुकानदाराकडे गेलो. त्याला म्हटलं मला विकत नको, आधी पंधरा दिवस वापरायला दे. तो हसला, पण दिला. सिनॉलॉजी नावाच्या तैवानच्या कंपनीचा डीएस२२३, दोन डिस्कचा, आणि चार-चार टीबीच्या दोन डिस्क. घरी आणला तर वडील म्हणे, ‘हाई काय शे रे भाऊ, टेपरेकॉर्डर का?’ दिसतो तसाच खरं तर.

मग ऑफिसात लावला, आणि पहिल्याच दिवशी मी डब्बा परत करणार होतो. एक मोठी फोल्डर कॉपी करायला टाकली तर स्पीड अकरा एमबीच्या वर जाईना. डब्ब्यावर गिगाबिट लिहिलंय, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिट, आठ बिटचा एक बाइट, तर सरळ हिशोबाने सेकंदाला १२५ एमबी, प्रत्यक्षात ११० तरी मिळायला पाहिजे, आणि हा अकरावर रांगतोय. मी त्या माणसाला फोन करून दोन शब्द सुनावले पण. तो शांतपणे म्हणाला, वायरीचं टोक बघा. बघितलं. त्या पारदर्शक प्लास्टिकच्या टोकातून आतल्या तारा दिसतात ना, आठ असायला पाहिजे, रंगीत चार जोड्या. आमच्यात चारच. केशरी आणि हिरवी जोडी बसवलेली, निळी आणि तपकिरी कात्रीने साफ कापून टाकलेली. ज्याने कोणी ऑफिसात वायरिंग केलं होतं त्याने तेव्हा कष्ट वाचवले. चार तारांवर १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) चालतं, त्याला बाइटमधे मोजलं की तेच अकरा-बारा. गिगाबिटला आठही तारा लागतात. शिवाय सगळ्या वायरी जिथे जोडतात तो आमचा जुना नेटवर्क स्विचही १०० चाच निघाला. वायरी बदलल्या, स्विच बदलला, आणि स्पीड ११० वर गेला. म्हणजे डब्बा बिचारा विनाकारण बदनाम होणार होता. तुझ्या फोटो स्टुडिओत तर वायर खिडकीतून गच्चीवर आणि गच्चीवरून खाली अशी आलीये, ती कोणी टोचलीये देव जाणे.

नंतर मी काय केलं ते ऐक. रिव्ह्यूमधे लोक स्पीडचे आलेख दाखवतात, मला वाटतं आपल्यासारख्या माणसाने स्पीड बघावा पाच मिनिटं आणि बाकी पंधरा दिवस डब्बा बिघडवून बघावा. कारण तो चांगला चालतो तेव्हा सगळेच डब्बे सारखे. बिघडतो त्या दिवशी आपल्याला काय करता येतं त्याचे पैसे आपण देतो. तर एक दिवस सगळे काम करत असताना मी चालू डब्ब्यातून एक डिस्क सरळ उपसली. (ही सोय सगळ्या मॉडेलना नसते, बघून घे.) डब्बा जो बोंबलायला लागला, पीं पीं पीं, शेजारचा झेरॉक्सवाला बघायला आला. पण टॅलीवर बसलेल्या पोरीला काहीच कळलं नाही, तिचं काम चालूच. दोन्ही डिस्कवर तोच डेटा असतो, रेड-वन म्हणतात, एक मेली तर दुसरी चालवते. मग डिस्क परत लावली, रिपेअर दाबलं रात्री नऊला, सकाळी ऑफिस उघडलं तेव्हा झालेलं होतं. त्या रात्री मला झोप आली नाही हे खरं, कारण तेवढ्या वेळात दुसरी डिस्क गेली असती तर संपलंच होतं, बरं की डब्ब्यावर तेव्हा डेटाची नक्कलच होती, खरा वेगळा ठेवलेला.

आता इथे लोक फसतात, मीही फसलो असतो. दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहे असं वाटतं. तसं नसतं रे. मी एक फोल्डर मुद्दाम डिलीट केली, तर ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी गेली. आरशासमोर तू टक्कल केलं तर आरशातला केस ठेवेल का? त्यासाठी स्नॅपशॉट लागतात. डब्बा दर काही तासांनी आत्ता काय काय कसं होतं याची खूण ठेवतो, आणि विंडोजमधेच फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ मधून कालची फोल्डर उचलता येते. मी उचलली, दीड मिनिटात आली. पण ही सोय बीटीआरएफएस नावाच्या फाइल सिस्टिमवर मिळते, आणि त्याच कंपनीचा जो स्वस्तातला डीएस२२३जे आहे, नुसतं ‘जे’ जास्त आणि किंमत कमी, त्यात ती नाही, रॅमही दोनऐवजी एकच जीबी. दुकानदार म्हणेल सेमच आहे साहेब. सेम नाही.

डिस्कचंही तसंच. साधी कॉम्प्युटरची स्वस्त डिस्क टाकू नको. डिस्कमधे एक सीएमआर असते आणि एक एसएमआर, सीएमआरमधे डेटाचे पट्टे शेजारी शेजारी असतात, एसएमआरमधे एकावर एक कौलांसारखे रचलेले असतात, एक बदलायचं तर शेजारचे पण परत लिहावे लागतात. रिपेअरच्या वेळी ती रडते. वेस्टर्न डिजिटलची घ्यायची तर नुसती ‘रेड’ नको, ‘रेड प्लस’ घे, किंवा सीगेटची आयर्नवुल्फ. आणि डब्ब्याच्या कंपनीची यादी बघून घे कोणत्या डिस्क चालतात त्याची. २०२५ मधे सिनॉलॉजीने त्यांच्या ‘प्लस’ मालिकेतल्या नव्या डब्ब्यांना आम्ही सांगू त्याच डिस्क असा नियम काढला होता, जगभर लोकांनी बोंब मारली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमधे त्यांनी तो सैल केला. एकदा केलं ते परत करणार नाहीत कशावरून, हा माझा स्वभाव.

आता आपल्या गावाचा खरा विषय, ऊन. डब्ब्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, ० ते ४० डिग्रीत चालवा. तैवानमधे बसून लिहायला काय जातं! इथे आईने गच्चीवर बिबडे घातले तर संध्याकाळपर्यंत कडक होऊन जातात, तुझ्याकडे भुसावळला तर पारा ४५ च्या वर जातो. मी डब्बा पहिले माळ्यावर ठेवला होता, कोणाचा हात लागू नये म्हणून. दुपारी डिस्कचं तापमान बघितलं तर ५४. तिथून काढून खाली, जमिनीपासून वीतभर वरच्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवला, ते ४७ वर आलं. फक्त जागा बदलून. कूलरच्या समोर मात्र ठेवू नको, ती ओली हवा नको त्याला. आणि तुझ्या गल्लीत सीझनला जिनिंगची रुई उडते ती मागच्या पंख्यात जाऊन बसेल, महिन्यातून एकदा ब्रश मारत जा.

लाइटचं सांगायला नको. यूपीएस घेशील तेव्हा मागे यूएसबीचं भोक आहे का बघ, माझ्या जुन्याला नव्हतं. ती वायर डब्ब्याला लावली की यूपीएस त्याला सांगतो लाइट गेली, आणि डब्बा आपल्या आपण फाइली बंद करून झोपतो. मी मेन स्विच पाडून बघितलं, तीन वेळा. इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको असं म्हणू नको, इन्व्हर्टर त्याच्याशी बोलत नाही. वीज म्हणशील तर माझा दोन डिस्कसकट वीसेक वॅट खातो, महिन्याला चौदा-पंधरा युनिट.

एक भांडण आमच्या जुन्या झेरॉक्स मशीनचं झालं. ती स्कॅन करून सरळ फोल्डरमधे टाकते ना, तिला एसएमबीची (नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याची भाषा) पहिलीच आवृत्ती येते, आणि डब्ब्यात ती बंद असते. चालू करायचं बटण आहे, पोऱ्या म्हणे करा ना साहेब. नाही केलं. २०१७ च्या मे महिन्यात फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा वॉनाक्राय जगभर पसरला तो याच जुन्या दारातून. मशीनला एफटीपीने, म्हणजे फाइल पाठवायच्या दुसऱ्या पद्धतीने, पाठवायला शिकवलं, ते पण फक्त ऑफिसच्या आतल्या आत, विषय मिटला.

तू म्हणालास की घरून, लग्नाच्या हॉलमधून, कुठूनही उघडायला पाहिजे. इथे सांभाळ. राउटरमधे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून डब्बा सरळ इंटरनेटवर टांगू नको, कितीही यूट्यूबवाल्याने सांगितलं तरी. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाचा असाच खंडणीवाला आला होता, इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीच्या डब्ब्यांमधल्या फाइलींना कुलूप आणि किल्लीचे ०.०३ बिटकॉइन मागायचे. व्हीपीएन (बाहेरून आत यायची कुलूपबंद वाट) लाव, ‘ॲडमिन’ नावाचं खातं बंद कर, मोबाइलवर कोड येणारं लॉगिन ठेव.

आणि एवढं सगळं करूनही एक डिस्क बाहेर पाहिजेच. पीटर क्रोग म्हणून एक फोटोग्राफर आहे, तुझ्याच धंद्यातला, त्याचा ३-२-१ चा हिशोब सगळे सांगतात, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक गावाबाहेर नाहीतर निदान दुसऱ्या घरात. मी दर शनिवारी एका यूएसबी डिस्कवर कॉपी काढतो आणि ती घरी नेतो. आता कपाटात, आईच्या पैठणीखाली. क्लाउड तुला परवडणार नाही, पैशाने नाही रे, वेळेने. तुझं अपलोड वीस एमबीपीएसचं, दोन टीबी चढवायला सलग नऊ दिवस लागतील, मधे लाइट गेली नाही तर.

हे सगळं माझं. तू मात्र माझा डब्बा घेऊ नको. मला पीडीएफ ठेवायच्यात, मला चार टीबी (दिसायला ३.६ च दिसतात, घाबरू नको, मोजायची पद्धत वेगळी) पाच वर्ष पुरतील. तुझं एक लग्न फोर-केमधे, हळद-संगीत धरून, तीनशे जीबीचं. बारा लग्नात माझा डब्बा तुडुंब. तू चार डिस्कचा घे, भले सुरुवातीला आठ-आठच्या दोनच टाक आणि बाकीचे खण मोकळे ठेव, पैसे आले की वाढव. चारही भरल्या की एक डिस्क मेली तरी चालेल असं ठेवून चोवीस टीबी मिळतात. एडिटिंग त्याच्यावरून करू नको, तीन कॅमेऱ्यांची टाइमलाइन गिगाबिटवर अडखळते, चालू काम एसएसडीवर ठेव आणि झालेलं नॅसवर. आणि खरं सांगू का, त्याच्याही आधी ठरव की ठेवायचं काय. तुझ्याकडे २०१४ पासूनचं कच्चं शूटिंग आहे, ज्यातल्या दोन जोडप्यांचे घटस्फोट झाले, तू स्वतः सांगितलंस. अल्बम दिल्यावर सहा महिन्यांनी कच्चं जाईल असं बिलावर छापून टाक, मग डब्बा किती मोठा पाहिजे ते आपोआप कळेल.

मला सगळं मिळून, यूपीएस सोडून, पन्नास हजारांच्या आतबाहेर पडलं. तुला दुप्पट तरी धर. क्यूनॅपचाही बघ, तेवढ्याच पैशात नेटवर्कची वायर लावायचे पोर्ट जास्त फास्ट देतात कधीकधी, मी तो वापरला नाही म्हणून त्याचं बरंवाईट बोलत नाही. पण जो घेशील तो आधी पंधरा दिवस मागून घे. नाही म्हणाला तर दुसरं दुकान. आणि दुकानातच विचार, माझी डिस्क गेली तर वॉरंटीवाली बदलून यायला किती दिवस, कारण तेवढे दिवस तू एका पायावर उभा असणार. मला त्याने ‘तीन आठवडे’ सांगितले, म्हणून मी तशीच एक तिसरी डिस्क आत्ताच घेऊन ठेवली.

रविवारी ये. आई खापरावरचे मांडे करतेय, रस आहे. वहिनींना आण, आणि स्टुडिओतली ती गच्चीवरची वायर काढून तिच्या दोन्ही टोकांचा जवळून फोटो काढून आण, तारा मोजता येतील असा. फोटोग्राफर आहेस, तेवढं तरी फोकसमधे काढ.

तुझाच,
शेवटच्या बाकावरचा