चित्रातले बारा बैल

चि. राधिकास, अनेक उत्तम आशीर्वाद.

पॅरिसात राहून ओर्से म्युझियम अजून पाहिलं नाही, असं परवा फोनवर म्हणालीस, म्हणून हे पत्र. तिथं रोझा बोनर या बाईंचं 1849 सालचं तैलचित्र आहे, मध्य फ्रान्समधल्या निव्हर्ने भागातल्या नांगरटीचं. मी ते मोबाइलवर मोठं करकरून पाहिलं. मूळ चित्र साडेआठ फूट रुंद आहे, ते तरी तू समोर उभं राहून बघ.

एकामागं एक दोन नांगर, प्रत्येकाला सहा बैल. पांढरे, तांबूस, जाड हाडाचे. वशिंड एकालाही नाही. तिकडच्या गुरांना ते नसतंच. मग जू कशाच्या आधारानं राहायचं? ते शिंगांमागं ठेवून चामड्याच्या वाद्यांनी शिंगांना आवळतात. आपला खिलार खांद्यानं ओढतो, तिकडचा बैल डोक्यानं. जोडीतल्या दोघांची डोकी एकाच लाकडाला बांधलेली, माशी बसली तरी मान झटकायची सोय नाही. हे ध्यानात ठेवून मधल्या पांढऱ्या बैलाकडे बघ. त्याचा डोळा थेट आपल्यावर आहे. बाकी सगळं चित्र विसरलो तरी तो डोळा विसरायचा नाही.

माणसं मात्र बैलांच्या आड गेलेली, लहानशी. कुणाला ते खटकेल. मला नाही खटकलं. नांगरट चालू असताना बांधावरचा माणूस बैलांकडेच बघतो, रुमणं धरणाऱ्याकडे कोण बघतंय!

पुढच्या बाजूला नुसती उलटलेली माती आहे, ओलसर, जड. ही हिवाळ्याआधीची पहिली नांगरट. ढेकळं थंडीभर उघडी पडतात, गोठतात, मोकळी होतात. आपण रब्बी निघाली की नांगरतो आणि तेच काम चैत्र-वैशाखाच्या उन्हावर सोपवतो. आपल्याकडेही काळ्या रानात लाकडी नांगराला तीन-चार जोड्या जुंपायचे, हे तुझे आजोबा सांगायचे. त्यामुळं सहा बैल बघून मला नवल वाटलं नाही. तुझ्या पिढीनं ट्रॅक्टरच पाहिला, तुला वाटेल.

बाईंची गोष्टही तशीच. 1848 च्या क्रांतीनंतर फ्रान्सच्या सरकारनं हे चित्र 3000 फ्रँक देऊन काढायला सांगितलं, तेव्हा त्या 26 वर्षांच्या होत्या. वडील चित्रकार, शिक्षण त्यांच्याच हाताखाली. जनावराचं अंग कळावं म्हणून त्या कत्तलखान्यात जाऊन बसायच्या. गुरांच्या बाजारात लुगड्यासारख्या घोळदार झग्यात वावरता येईना, म्हणून पुढं विजार घालायला पोलिसांकडून रीतसर परवाना काढला. बाईनं विजार घालायला परवाना! खरसुंडीच्या जत्रेत बैलाचे दात बघून वय सांगणारे पुष्कळ भेटतात, पण खुरापासून शिंगापर्यंत असं बघणारं माणूस विरळा. 1865 मध्ये फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी स्वतः त्यांच्या घरी जाऊन ‘लीजन ऑफ ऑनर’ हा तिथला सर्वोच्च सरकारी किताब देऊन आली. चित्रकार बाईला तो मान पहिल्यांदाच मिळत होता.

एक तक्रार आहे. दिवस फार छान काढलाय. आभाळ निळं, ऊन कोवळं, आणि बारांतला एकही बैल दमलेला दिसत नाही. सहा-सहा बैल लावावे लागतात इतकी जड जमीन आणि कुणाच्या तोंडाला फेस नाही? सरकारी काम होतं, तेव्हा देखणं काढलं असावं, असा आपला माझा अंदाज.

तिकडं राहणाऱ्या 26 वर्षांखालच्या मुलांना त्या म्युझियमचं तिकीट माफ असतं म्हणे. ओळखपत्र घेऊन जा. आणि पहिल्या जोडीच्या शिंगांजवळचा फोटो काढून पाठव, फ्लॅश न लावता. वाद्या कशा गुंडाळल्यात ते मोबाइलवर नीट उमगत नाही; नारायणकाकाशी माझी पैज लागलीय.

तुझे,
अप्पा