चिनूच्या बसचं उत्तर

साउथॉल, लंडन

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. आई, "रविवारी एकटाच खोलीत बसून असतो" असं तू वहिनीला म्हणालीस म्हणे. अजिबात नाही. खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे जातो. चिनूने "यातली बस कुठली?" असं विचारत पाठवलेला कार्टूनचा फोटोही त्यांनाच दाखवला.

इथे एक प्रकार आहे, सांगून खरा वाटणार नाही. कार्टूनमध्ये जुनी लाल डबलडेकर दिसली की चांगली मोठी माणसं चित्र थांबवतात आणि ती नक्की कुठली बस हे ठरल्याशिवाय पुढे जात नाहीत. खेळ म्हणून नाही, मनापासून. आजोबांचे वडील इथल्याच एईसी या बसच्या कारखान्यात होते. लंडनच्या त्या बसची इंजिनं तिथे बनायची. १९७९ साली तो बंद झाला.

चिनूला सांगा, आधी नाक बघायचं. ड्रायव्हरची केबिन उजवीकडे अर्धीच असते, शेजारी बॉनेट. रेडिएटर उंच, उघडा आणि दिवे सुटे असले तर ती आरटी, म्हणजे आधीची जुनी बस. दिवे पत्र्यात बसवलेले असले तर तिच्यानंतरची रूटमास्टर, ती १९५६ साली रस्त्यावर आली. मग खिडक्या. दोन्ही मजल्यांवर मधोमध एक आखूड खिडकी असली तर ती लांब रूटमास्टर, ६४ ऐवजी ७२ सीटची. चढायची उघडी जागा मागे डावीकडे. ती उजवीकडे दिसली तर चित्रच उलटं झालंय.

चिनूच्या बसचं नाक आरटीचं आणि खिडकी लांब रूटमास्टरची! आजोबा बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "खिडक्या चित्रकार मनाने काढतो, नाक बघून काढतो." मलाही पटलं. तेव्हा उत्तर आरटी.

बाबा, सप्टेंबर २०२३ मध्ये बेस्टच्या जुन्या डबलडेकर बंद झाल्या तेव्हा तुम्ही मुद्दाम डोंबिवलीहून जाऊन बसून आलात, हे त्यांना सांगितलं. त्यांनी तुमच्या वतीने माझाच हात हातात घेतला.

हप्त्याचे पैसे पाठवलेत. वरची रक्कम बाबांच्या गुडघ्यासाठी आहे, ती गॅलरीच्या गळतीत घालू नका, गळतीचे पुढच्या महिन्यात पाठवतो. सुमीच्या साखरपुड्याला रजा मिळत नाहीये. खूप मागून पाहिली. तिला मीच फोन करतो, तुम्ही सांगू नका. लग्नाचं तिकीट काढून ठेवलंय, हॉलचा अ‍ॅडव्हान्सही माझ्याकडे. पुण्याच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगी चांगली वाटते, बोलेन तिच्याशी, पण आधी सुमीचं होऊ दे. आई, टाळतोय असं समजू नकोस.

चिनूला पापा.

तुमचा,
मंदार