नदीचा प्रवाह ठरवताना मासेमारांनाही विचारा

संपादक महोदय,
स. न.

मत्स्यव्यवसायाविषयीची वर्तमानपत्रांतील चर्चा बहुतांशी समुद्र, बंदरे, निर्यात आणि अलीकडे मत्स्यशेती यांच्याभोवती फिरते. लहान होडीतून नदीत जाळे टाकून मिळालेली मासळी त्याच दिवशी विकणारा, त्यावरच घर चालवणारा मासेमार त्या चर्चेत क्वचितच दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभरातील नद्या, तलाव आणि इतर गोड्या पाण्यातून वर्षाला १.१ कोटी टनांहून अधिक मासळी पकडली जाते आणि तिचा मोठा वाटा आशियातला असतो. मला हा आकडा कमीच वाटतो. नदीची मासळी एखाद्या बंदरावर एकत्र उतरत नाही. ती काठाकाठाने शेकडो ठिकाणी उतरते, थोडी घरात शिजते, थोडी शेजारच्या बाजारात जाते आणि बरीचशी कुठल्याच नोंदवहीत येत नाही. म्हणूनच नदीवर धरण, बराज (दरवाजे असलेला बंधारा) किंवा कालवा बांधण्याचा प्रस्ताव येतो तेव्हा विजेचे आणि सिंचनाचे आकडे टेबलावर असतात, मासळीच्या रकान्यात मात्र काहीच नसते. नदीचा प्रवाह केव्हा, किती आणि कसा सोडायचा याचा निर्णय जिथे होतो तिथे मासेमारांना बसायला जागा हवी, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

नदीतला मासा प्रवाहाच्या खुणांवर जगतो. पहिल्या पुराचे गढूळ पाणी आले, त्याचे तापमान आणि वेग बदलला, की गाभोळीने भरलेली मादी प्रवाहाविरुद्ध निघते. आपण ज्याला चढणीचा मासा म्हणतो तो हाच. काठावरची सखल जमीन पाण्याखाली गेली की पिलांना तिथे अन्न आणि आसरा मिळतो, आणि पाणी ओसरताना ती वाढलेली पिले पुन्हा मुख्य पात्रात येतात. मासेमाराचे वर्ष या चढउतारावर बेतलेले असते. कोणत्या डोहात उन्हाळ्यातही पाणी टिकते, कोणत्या वळणावर भोवरा जाळे गुंडाळतो, पाणी नितळ झाले की मासा जाळे ओळखून कसा बगल देतो, कोणत्या महिन्यात किती मोठ्या आसाचे, म्हणजे भोकांचे, जाळे लावायचे, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेले नसते. सांजेला जाळे लावायचे, पहाटेपूर्वी उचलायचे, बर्फ नसेल तर ऊन चढण्याआधी मासळी विकायची आणि दुपारी फाटलेले आस विणायचे, असा त्याचा दिवस जातो. निवडणे, साफ करणे, वाळवणे आणि बाजारात नेऊन विकणे ही कामे बहुतेक ठिकाणी घरातल्या स्त्रिया करतात. सरकारी व्याख्येत मात्र मासेमार म्हणजे बहुतेकदा होडीतला पुरुष.

या ज्ञानाची खोली किती आहे, हे कंबोडियात पाहावे. तिथली तोन्ले साप नदी पावसाळ्यात उलटी वाहते: मेकाँगचा पूर तिच्यातून वर चढून मोठ्या सरोवरात भरतो आणि पावसाळा संपल्यावर तेच पाणी परत मेकाँगकडे निघते. त्या परतीच्या पाण्याबरोबर लक्षावधी लहान मासे सरोवर सोडतात आणि नदीत रांगेने नांगरलेल्या, आपल्याकडच्या डोल जाळ्यांसारख्या प्रचंड जाळ्यांत सापडतात. हा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च चालतो, पण खरी धांदल काही ठरावीक दिवसांचीच असते, कारण पौर्णिमेच्या आधीच्या काही दिवसांत माशांचे थवे सर्वांत दाट येतात. तिथले मासेमार हे चंद्राचे गणित पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आहेत. म्यानमारमधील इरावती नदीत तर मासेमार आणि डॉल्फिन मिळून मासेमारी करतात. होडीच्या कडेवर लाकडी खुंटीने टकटक केली की डॉल्फिन माशांचा थवा होडीकडे हाकत आणतात, मासेमार पाग (हाताने फेकायचे जाळे) फेकतो, आणि विखुरलेले मासे डॉल्फिनांच्या वाट्याला येतात. या परंपरेसाठी २००५ मध्ये नदीचा एक पट्टा संरक्षित करण्यात आला. तिला आज मोठा धोका आहे तो विजेचा धक्का देऊन मासे मारणाऱ्यांचा.

असे ज्ञान शास्त्राच्या कसोटीवर टिकते का, अशी शंका घेणाऱ्यांसाठी ब्राझीलमधील अॅमेझॉनचे उदाहरण पुरेसे आहे. पिरारुकू हा तिथला अवाढव्य मासा हवेतून श्वास घेण्यासाठी ठरावीक वेळाने पृष्ठभागावर येतो. अनुभवी मासेमार त्या क्षणी पाण्याची हालचाल आणि आवाज यांवरून मोठे मासे आणि लहान मासे वेगवेगळे मोजतात. शास्त्रज्ञांनी स्वतंत्र पद्धतीने केलेल्या मोजणीशी ही मोजणी जुळली. मामिराउआ राखीव क्षेत्रात १९९९ पासून याच मोजणीच्या आधारे दरवर्षीचा कोटा ठरतो: मोजलेल्या प्रौढ माशांपैकी फार तर ३० टक्के पकडायचे आणि दीड मीटरपेक्षा लहान मासा सोडून द्यायचा. त्यानंतर तिथे हा मासा कमी न होता वाढला. मासेमाराला विचारल्याने नदीचे नुकसान होते, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

याउलट त्याला न विचारता केलेल्या कामांची उदाहरणे फार आहेत. अमेरिकेतील कोलंबिया नदीवरच्या सेलिलो धबधब्यापाशी तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षे लाकडी मचाणांवर उभे राहून लांब दांड्याच्या जाळ्यांनी सामन मासा पकडत होते. १० मार्च १९५७ रोजी द डॅलेस धरणाचे दरवाजे बंद झाले आणि तो धबधबा काही तासांत पाण्याखाली गेला. आपल्या गंगेत समुद्रातून निघालेली हिलसा ही मासळी पूर्वी अलाहाबादपर्यंत आणि त्याही पलीकडे चढत असे. १९७५ मध्ये फराक्का बराज सुरू झाल्यावर वरच्या पट्ट्यातली ही मासेमारी जवळजवळ संपली. तिथल्या मासेमाराने जास्त मासे मारले म्हणून हे झाले नाही. धरण माशाची वाट अडवते, गाळ अडवते, तळाचे थंड पाणी सोडून हंगामाची खूण पुसते. विजेच्या मागणीप्रमाणे दिवसातून पाण्याची पातळी चढवली आणि उतरवली जाते, तेव्हा काठाजवळ घातलेली अंडी उघडी पडतात, लावलेली जाळी वाहून जातात आणि कधीकधी होडीतला माणूसही.

मासा कमी झाला की पहिली बंदी मात्र येते ती मासेमारावर. विणीच्या काळात जाळी बंद ठेवण्याला माझा मुळीच विरोध नाही, आणि जुन्या मासेमारांपैकी बहुतेकांचाही नसतो. अनेक समाजांत असे काळ आणि असे डोह परंपरेनेच राखलेले आहेत. प्रश्न असा आहे की त्या बंदीची किंमत कोणी भरायची. यांगत्से नदीवर १ जानेवारी २०२१ पासून दहा वर्षांची मासेमारीबंदी आहे आणि दोन लाखांहून अधिक मासेमारांना त्यासाठी व्यवसाय सोडावा लागला. त्याच नदीवरील गेझोबा धरणाने १९८१ पासून चिनी स्टर्जन माशाची विणीच्या जागेकडे जाणारी वाट बंद केली आहे आणि ते धरण आजही जागेवर आहे. ब्राझीलमध्ये विणीच्या काळात नोंदणीकृत लहान मासेमाराला दरमहा एक किमान वेतन मिळते. बांगलादेशात हिलसाबंदीच्या काळात मासेमार कुटुंबांना तांदूळ दिला जातो. ही मदत आवश्यक आहे, पण तांदळाने जाळ्यासाठी घेतलेल्या उचलीचे व्याज फिटत नाही. ज्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली त्यालाच, त्याने ठरवलेल्या दराने मासळी द्यावी लागते, आणि बंदीच्या महिन्यांत ही साखळी अधिकच आवळली जाते.

हक्काची लढाई मासेमारांनी स्वतः लढून जिंकल्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. बिहारमध्ये सुलतानगंज ते पीरपैंती या सुमारे ८० किलोमीटरच्या गंगेवर मासेमारीचा हक्क जमीनदारी संपल्यानंतरही खासगी मालकांकडेच होता आणि नदीत जाळे टाकायला मासेमाराला कर द्यावा लागे. १९८२ मध्ये कहलगाव येथून गंगा मुक्ती आंदोलन सुरू झाले आणि १९९१ मध्ये ही मालकी संपली. त्याच वर्षी त्या पट्ट्यातील सुलतानगंज ते कहलगाव हा भाग डॉल्फिन अभयारण्य म्हणून घोषित झाला. डॉल्फिन वाचलाच पाहिजे. पण जवळजवळ दहा वर्षे लढून मोकळ्या केलेल्या पाण्यात नवे निर्बंध आणताना त्या मासेमारांना त्या रक्षणात भागीदार करणे हा साधा न्याय होता.

लहान मासेमारांविषयीची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्यव्यवसाय समितीने २०१४ मध्ये स्वीकारली. त्यांत अंतर्देशीय, म्हणजे नद्या-तलावांतील, मासेमारीचा स्पष्ट समावेश आहे आणि निर्णयप्रक्रियेत मासेमारांचा सहभाग असावा असेही म्हटले आहे. त्यांची अंमलबजावणी फार खर्चाची नाही. पाणी सोडण्याचे वेळापत्रक ठरवणाऱ्या समितीवर मासेमारांच्या संस्थेचा प्रतिनिधी असावा आणि विणीच्या काळात निदान एक नैसर्गिक पुरासारखा विसर्ग त्याच्या सल्ल्याने ठरावा. पाणी सोडण्याची सूचना जाळी उचलता येतील इतकी आधी मिळावी. मासळीची नोंद मासेमारांकडूनच ठेवून घ्यावी आणि त्या कामाचा त्यांना मोबदला मिळावा. बंदीकाळातील मदतीच्या यादीत होडीवरच्या पुरुषाबरोबर मासळी निवडणाऱ्या, वाळवणाऱ्या आणि विकणाऱ्या स्त्रीचेही स्वतंत्र नाव असावे, कारण जाळे बंद झाले की तिचीही कमाई त्याच दिवशी थांबते.

आपला नम्र,
एक वाचक